सरनोबतांची मोटार आणि माहेरचं विरजण

बोरखडी गावात एक भोळा माणूस होता. नाव गुणवंत. त्याला भोळा म्हणणाऱ्यांचा त्याच्याशी कामापुरताही संबंध आलेला नव्हता. ज्यांचा आला होता ते दुसरा शब्द वापरत.

गुणवंत अप्पासाहेब सरनोबतांकडे नोकरीला होता. काम एकच, मोटार पुसणं. ही मोटार अप्पासाहेबांच्या वडिलांनी बोटीने विलायतेहून आणवलेली. लांबलचक, काळीभोर, आत लाल कातड्याच्या गाद्या. पंचक्रोशीत तशी दुसरी नव्हती. अप्पासाहेबांचा तिच्यावर फार जीव. दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे, सुरू करून फाटकापर्यंत न्यायचे आणि परत आणायचे. शनिवारी मारुतीला तेल वाहायला अप्पासाहेब कधी चुकले नाहीत. मोटारीचं तेल बदलायला मात्र वडील वारल्यापासून त्यांना सवड झाली नव्हती.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी ते गुणवंतला म्हणाले होते, "हे बघ, बाहेरून आरशासारखी झळकली पाहिजे. आतलं कोण बघतंय?"

गुणवंतने ते मनावर घेतलं. टोपी नीट बसवायलाही तो मोटारीत तोंड बघायचा. आत त्याने कधी पाहिलं नाही. मालकांनीच सांगितलं होतं ना, आतलं कोणी बघत नाही.

अप्पासाहेबांची एकुलती एक लेक मंजिरी लहानपणी ह्याच मोटारीत बसून भातुकली खेळायची. गुणवंत बाहेरून काच पुसायचा, ती आतून जीभ काढून दाखवायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "गुणवंतदादा, सासरी जायचं ते ह्याच मोटारीतून. आणि चालवायची तुम्ही."

गुणवंतला रडूच फुटलं. इतकी वर्षं मोटार पुसली, पण स्टिअरिंगच्या चाकाला हात लावायला मिळाला नव्हता. ट्रॅक्टर तो चालवायचा. मोटार म्हणजे गादी घातलेला ट्रॅक्टरच, असं त्याने स्वतःला समजावलं आणि त्या दिवसापासून तो वरातीची वाट बघू लागला.

लग्नघरात कामं निघाली. आईसाहेबांनी, म्हणजे अप्पासाहेबांच्या पत्नीने, माळ्यावरची मोठी पातेली काढली आणि गुणवंतला सांगितलं, "ही घासून ठेव."

गुणवंतने घासली. पातेली सोन्यासारखी झळकली. आईसाहेबांनी आत डोकावलं, तर मागच्या सत्यनारायणाची आमटी बुडाला तशीच.

"आतून कुणी घासायची?"

"आतलं कोन बघतंय, आईसाहेब?"

"अरे शहाण्या, आतनंच घासायचं असतं! भांडं दिसलं की आतलं सगळं खरवडून काढायचं. जुनं कणभर राहता कामा नये. ध्यानात ठेव."

गुणवंतने ध्यानात ठेवलं. त्याचं हेच वाईट होतं. तो ध्यानात ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी श्रीखंडासाठी दूध आलं. फडताळात विरजणाचं मडकं होतं. गुणवंतला ते दिसलं. आत जुनं होतं. त्याने खरवडून खरवडून गटारात टाकलं आणि मडकं राखेने घासून उपडं घातलं.

आईसाहेब मटकन खालीच बसल्या. "अरे, माझ्या आईनं दिलेलं विरजण ते! मंजिरीबरोबर पाठवणार होते मी!"

"जुनं हुतं की, आईसाहेब."

"जुनंच लागतं, मेल्या! जुन्यातलं वाटीभर राखायचं, नव्यात घालायचं, उबेला झाकून ठेवायचं आणि सकाळपर्यंत हलवायचं नाही. मग छान घट्ट लागतं. आणि पोरगी सासरी निघाली की माहेरचं विरजण सासरच्या दुधात घालायचं. मग दोन्ही घरं एक होतात. कळलं?"

नशिबाने शेजारच्या पाटलीणबाईंनी ह्याच विरजणातलं कधीतरी नेलेलं होतं. त्यांच्याकडून वाटीभर परत आलं. श्रीखंड वाचलं. गुणवंतने वाटी, ऊब, न हलवणं, सासरचं दूध असं सगळं बोटांवर घोकून पाठ केलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी अप्पासाहेबांना वाटलं, मोटार एकदा मिस्त्रीला दाखवावी. लेकीच्या पाठवणीला इतपत खर्च करायला ते तयार होते. हुसेन मिस्त्री आला. त्याने बॉनेट उघडलं, तेल मोजायची सळई बाहेर ओढली. ती येईना. आली ती डांबर घेऊन आली.

"अप्पासाहेब, ह्यात तेल न्हाई, गाळ हाय. कधी बदललं होतं?"

"रोज पुसतो आम्ही तिला," अप्पासाहेब म्हणाले.

मिस्त्री गाडीखाली शिरला, खालचं बूच काढलं, इंजिनाचा तळ उतरवला आणि काळाकुट्ट, खरवसासारखा थरथरणारा गाळ घमेल्यात काढला. तळ धुऊन परत बसवला, वरचं झाकण उघडून मधासारखं नवं तेल ओतलं आणि म्हणाला, "आता जाईल गाडी. गुणवंत, हे घमेलं लांब नेऊन टाक."

मिस्त्री गेला. गुणवंत घमेलं उचलून निघाला आणि उकिरड्याशी येऊन थबकला. जुनं टाकायचं? परवाच एवढी बोलणी खाल्ली होती! तीच चूक पुन्हा करायला तो काय मूर्ख होता?

संध्याकाळी वऱ्हाड आलं. पाहुणे सीमांतपूजनाला बसले. गुणवंत आपल्या कामाला लागला. त्याने गाळाची वाटी भरली, इंजिनाचं वरचं झाकण उघडलं आणि चमच्याने नव्या तेलात घातली. झाकण लावलं. वर गोधडी घातली आणि कोणी मोटार हलवू नये म्हणून चाकांना दगड लावले. मग व्याह्यांच्या ड्रायव्हरकडून किल्ली मागून घेतली आणि त्यांची नवीकोरी पांढरी मोटारही पुसून ठेवली. ड्रायव्हर म्हणाला, "काय माणसं आहेत सरनोबतांची!"

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. जेवणं झाली. श्रीखंडाची तारीफ झाली. पाठवणीची वेळ आली. आईसाहेबांनी मंजिरीच्या हातात विरजणाचं छोटं मडकं दिलं आणि मायलेकी गळ्यात पडून रडल्या. अप्पासाहेब मात्र ताठ उभे होते. व्याही शितोळे मोटारीकडे डोळे विस्फारून बघत होते आणि अप्पासाहेब व्याह्यांकडे बघत होते.

नवरानवरी मागे बसली. गुणवंत नवा फेटा बांधून चाकावर बसला. मोटार सुरू झाली. समोर एक तांबडा दिवा लागला. गुणवंतने त्याला नमस्कार केला. शुभकार्यात दिवा लागलेला चांगलाच. वाजंत्री वाजू लागली. मोटार फाटकापर्यंत गेली आणि सवयीने थांबली असं सगळ्यांना वाटलं. पण आतून खड् खड् खडाड् असा आवाज आला, धुराचा लोट उठला आणि वाजंत्रीवाले खोकू लागले.

गर्दीतून मिस्त्री धावत आला. बॉनेट उघडलं, झाकण काढलं, बोट घातलं. "हा गाळ परत कुठनं आला?"

"इरजन लावलंया," गुणवंत म्हणाला. "वाटीभरच. आईसाहेबांनी सांगितल्यापरमानं. रातभर हलवलं न्हाई बगा."

मग व्याही हसले. त्यांच्यामागे अख्खं वऱ्हाड हसलं. अप्पासाहेबांची मान आयुष्यात पहिल्यांदा खाली गेली आणि मोटारीच्या दारात त्यांना आपलंच तोंड दिसलं. दार अगदी आरशासारखं झळकत होतं.

"असू द्या, अप्पासाहेब," शितोळे म्हणाले. "आमची गाडी आहे की."

मंजिरी उतरली. जाताना गुणवंतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "रडू नका, दादा. तुम्ही चालवलीत ना? फाटकापर्यंत का होईना." पांढरी मोटार तिला घेऊन निघाली. धुरळा उडाला. अप्पासाहेबांनी डोळे पुसले आणि सुस्कारा सोडला.

"निदान ती गाडी तरी धड आहे."

"हाय तर!" गुणवंत हुंदका आवरत म्हणाला. "माहेरचं इरजन सासरी गेल्याबिगर दोन घरं एक हुत न्हाईत, मालक. काल पुसायला घेतली तवाच राहिलेलं अख्खं घमेलं तिच्यात घातलं."

अप्पासाहेबांनी त्याच्याकडे बघितलं. मग रस्त्याकडे बघितलं. पांढरी मोटार मारुतीच्या देवळापाशी वळणावर पोचली होती. तिथे खड् खड् खडाड् झालं आणि काळा लोट आभाळात चढला.

गुणवंतने कान टवकारले. त्याचा चेहरा उजळला.

"लागलं वाटतं, मालक."