खारबेटच्या नागूबायचा परवाना

"परवाना नाही? मग फिरव होडी!" धक्क्यावरचा शिपाई ओरडला.

खारबेटची नागूबाय होडी फिरवायलाच तयार नाही! धक्क्यापलीकडच्या गावात तिच्या लेकीचे दिवस भरले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण वैद्याने लेकीला होडीत बसायची सक्त मनाई केलेली. मग आईनेच जायला नको?

"अरे, मी जन्मले तेव्हा बेटावर तुमच्याच राजाचं राज्य होतं की!"

"तेव्हा होतं. गेल्या साली महाराजांनी बेट सोडलं. आता तुम्ही परके!"

कमाल बघा! बेट सोडलं राजाने आणि परकी झाली नागूबाय!

नेमका भद्रराजा धक्का बघायला आला होता. गडी महाहट्टी. तो मिशीत हसला. "परवाना हवा? मग माझ्याच पदरचा साक्षीदार आण. त्याने भर दरबारात, माझ्या तोंडावर सांगायचं, खारबेट महाराजांचं आहे म्हणून! उद्या सकाळपर्यंत मुदत. तोवर धक्का सोडायचा नाही."

राजासोबत आलेल्या सगळ्या दरबाऱ्यांनी पटकन माना खाली घातल्या.

"आणते!" नागूबाय म्हणाली.

सकाळी शिपायाने तिला दरबारात नेलं. ती एकटीच! राजा आत येताच चोपदाराने रोजच्यासारखी ललकारी दिली, "सोनतळाधिपती, खारबेटाधिपती, श्रीमंत भद्रराज महाराज येत आहेत हो!"

राजा मान डोलावत ऐटीत बसला. "कुठाय तुझा साक्षीदार?"

"आत्ताच बोलला की!" नागूबायने चोपदाराकडे बोट दाखवलं. "तुमच्याच पदरचा, भर दरबारात, तुमच्या तोंडावर! वर तुम्ही मानही डोलावलीत!"

चोपदाराला दरदरून घाम फुटला. राजाही गडबडला. बेट सोडलं होतं, पण पदवी काही त्याला सोडवली नव्हती! तो गरजला, "चोपदार, उद्यापासून खारबेटाचं नाव गाळ!"

"खुशाल गाळा, महाराज! मग उद्यापासून जन्मतील ती पोरं परकी. पण मला जन्मून पन्नास वर्षं झाली. तुमच्या वडिलांपासून आज सकाळपर्यंत हीच ललकारी चालली. ती कशी गाळणार?"

आणि मग राजाला असं हसू फुटलं की मुकुट तिरपा झाला!

"हरलो, बाई! आजवर बेटावर जन्मलेल्या सगळ्यांना परवाने द्या! आणि नागूबायला माझ्या रथातून लेकीकडे पोचवा!"

"मग जरा जोरात हाकायला सांगा, महाराज," पदर खोचत नागूबाय म्हणाली. "बाळ काही तुमच्या परवान्यासाठी थांबायचं नाही!"