राजाने मागितलेला धूप

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. तेव्हा तुम्हीही विचारू नका, मुकाट्यानं ऐका.

त्या राज्याच्या राजधानीत परमेश्वराचं पवित्रस्थान होतं. तिथल्या वेदीवर रोज सकाळी धूप जळायचा. चार झाडांचा डिंक आणि चिमूटभर मीठ एकत्र कुटून तो तयार होई. त्या धुपाचा नियम एकच, पण पक्का. तो फक्त परमेश्वरापुढं जाळायचा. घरात नाही, लग्नात नाही, राजवाड्यातही नाही.

हा धूप कुटायचं काम एका म्हाताऱ्या विधवेकडं होतं. बाई जिभेची फटकळ, पण कामाची चोख. कुटायला बसली की नाकातोंडावर फडकं बांधायची. काम झालं की राखेनं हात चोळून चोळून धुवायची. धुपाचा एक कणसुद्धा तिच्या नखाबरोबर घरी जायचा नाही.

शेजारणी तिला चिडवायच्या, "अगं, हातात स्वर्ग आहे तुझ्या, आणि घरात शेणीचा धूर?"

ती म्हणायची, "त्याचं त्याला, माझं मला. शेणीवर भाकरी छान भाजते."

सकाळी ती बाहेरच्या अंगणात सगळ्यांबरोबर उभी राहायची. धूर वर चढला, वास पसरला, की इतरांसारखीच गुडघे टेकायची. चाळीस वर्षं कुटलं, पण त्याहून जवळून तो वास तिनं कधी घेतला नाही. मला विचाराल तर अशा माणसांच्या जिवावरच जग चाललंय.

त्या देशाचा राजा तरुण होता. वाईट नव्हता हो, पण मान मिळावा म्हणून फार हपापलेला. दरबारी आपल्यापुढं नीट वाकत नाहीत, ही त्याची रोजची रुखरुख. एकदा सकाळी त्यानं सज्ज्यातून पाहिलं. पवित्रस्थानातून धूर निघाला आणि सगळं शहर गुडघ्यांवर आलं. राजाला वाटलं, किल्ली सापडली. त्यानं म्हातारीला बोलावणं धाडलं.

"उद्यापासून हाच धूप माझ्या सिंहासनापुढं जळेल," राजा म्हणाला. "लोक त्या वासापुढं वाकतात, माझ्यापुढंही वाकतील."

"महाराज, लोक वासापुढं वाकत नाहीत," म्हातारी म्हणाली. "दुसरं काहीही मागा. चंदन उगाळते, केवडा आणते, दरबार डोलेल असा घमघमाट करून देते. हा तेवढा मागू नका."

"राजा मी आहे, म्हातारे."

"आहात की. म्हणून तर हात जोडून बोलतेय. पण जी वस्तू माझी नाही, ती मी तुम्हाला देऊ कशी?"

राजाचा चेहरा लाल झाला. "मग यापुढं तुझा हात त्या उखळाला लागणार नाही. नदीपलीकडं जा. पुन्हा या शहरात दिसू नकोस."

मान उडवली असती तरी म्हातारीला इतकं लागलं नसतं. उखळ गेलं, अंगण गेलं, सकाळ गेली. एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं राहिलं असतं. ती 'हो' म्हणाली नाही. तिनं उखळ धुतलं, उपडं घातलं, आणि गाठोडं घेऊन नाव धरली.

तिला डिंक आणून द्यायचा तो तिचा धाकटा दीर. कुठला डिंक किती, हे पाहून पाहून त्याला पाठ झालं होतं. त्यानं राजाला धूप कुटून दिला. पवित्रस्थानाच्या याजकांनी, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यांनी, मात्र त्याच्या हातचा धूप घेतला नाही. वेदी थंड पडली आणि दरबारात धूर निघू लागला.

आता तुम्हाला वाटेल, सिंहासनावर वीज पडली असेल. नाही पडली. देवाला न्याय करायला दर वेळी वीजच लागते असं थोडंच आहे?

महिना उलटला. एका दुपारी म्हातारी झोपडीपुढं शेंगा निवडत बसली होती. समोर राजा उभा. बरोबर कोणी नाही, पायात काही नाही.

"आजी," तो म्हणाला आणि खाली मातीतच बसला. "पहिल्या दिवशी दरबार वाकला. दुसऱ्या दिवशी मला धूप फिका वाटला, म्हणून दुप्पट टाकायला लावला. तिसऱ्या दिवशी कळलं, धूप फिका नाही. मलाच वास येत नाही. फुलांचा नाही, जेवणाचा नाही, घोड्यांच्या पागेचासुद्धा नाही. तुमच्या दिराचंही तेच झालंय."

म्हातारीनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"तेही मी सोसलं असतं. पण काल राणीला मुलगा झाला. बारा वर्षांनी. तिनं बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, टाळू हुंगा. मी हुंगली. आजी, मी लाकडाचा ओंडका हुंगला असता तरी तेवढंच." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

खरं तर म्हातारीनं मनात चार शब्द जुळवून ठेवले होते, राजा भेटलाच तर सुनवायला. पण तिचेच डोळे भरून आले. तिनं पदरानं आधी आपले पुसले, मग त्याचे.

"तुम्ही बरं करा मला," राजा म्हणाला.

"मी कुटणारी बाई. ज्याचा धूप तुम्ही घेतलात, त्याच्याकडं जा."

राजानं दरबारातला धूर बंद केला आणि म्हातारीला सन्मानानं परत नेलं. तिनं पुन्हा फडकं बांधलं, धूप कुटला, हात राखेनं धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी राजा मुकुट घरी ठेवून अंगणात आला आणि कुंभार-कोळ्यांच्या गर्दीत तिच्या शेजारी उभा राहिला. वेदीवरून धूर चढला.

"आला का वास?" तिनं हळूच विचारलं.

"नाही," राजा म्हणाला. आणि त्यानं गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं.

तो वास काय, कुठलाच वास त्याला जन्मभर आला नाही. परमेश्वरानं त्याचं राज्य घेतलं नाही, जीवही घेतला नाही, पण दिलेला निकाल फिरवलाही नाही. राजानं मात्र एकही सकाळ चुकवली नाही. आणि घरी आला की बाळाला मांडीवर घेऊन राणीला विचारायचा, "कसा येतो गं याच्या टाळूचा वास, सांग ना." राणी सांगायची. तो डोळे मिटून ऐकायचा.

तात्पर्य: देवासाठी राखलेलं देवाचंच राहू द्यावं, त्यावर हात टाकणाऱ्याच्या हातून त्याचं स्वतःचंही निसटतं.