बिननावाचं दुखणं

हवालदार रंगराव बाबर भरती झाला तेव्हा डॉक्टरांनी त्याला दातांपासून तळपायापर्यंत तपासून ‘ठणठणीत’ असा शिक्का मारला होता. अठरा वर्षांनी तो बर्फातल्या चौकीवरून उतरला, तो थरथरते हात घेऊनच. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी मेडिकल बोर्डापुढं ही त्याची चौथी खेप.

बोर्डावरच्या कर्नलसाहेबांनी फाईल मिटली. “तुझ्या आजाराला नावच सापडत नाही, बाबर. मग तो नोकरीत झाला कशावरून? घरूनच आणला असशील. नामंजूर!”

रंगरावचं डोकं भडकलं, पण आवाज त्यानं आवरला.

“साहेब, चौकीत अनोळखी माणूस सापडला, नाव सांगेना, म्हणून मी त्याची नोंदच केली नाही, तर?”

“कोर्ट मार्शल करीन!” कर्नल गरजले. “नाव कळलं नाही तरी कुठं सापडला ते लिहायलाच हवं!”

“मग लिहा की.” थरथरत्या हातानं रंगरावनं चौकीच्या दवाखान्याचा कागद पुढं सरकवला. “हा आजार चौकीतच सापडला, तुमच्याच डॉक्टरला. आणि घरून आला म्हणत असाल, तर भरतीच्या दारावर पहारा कुणाचा होता, साहेब?”

कर्नलांनी मिटलेली फाईल पुन्हा उघडली.