चिमीची बाटली आणि खोतांची पंगत

एका गावात एक भोळा वाढपी होता. केरबा त्याचं नाव. सांगितलेली गोष्ट केरबा कधी विसरायचा नाही. त्याची बायको म्हणायची, हा त्याचा गुण आहे. ज्यांच्या हाताखाली तो काम करायचा ते तात्या आचारी म्हणायचे, हाच त्याचा रोग आहे.

आजवर पंगतीत त्याच्याकडं फक्त पाण्याचं काम होतं. पाणी वाढताना फारसं काही बिघडत नाही. पण यंदा खोतांच्या मुलीचं लग्न निघालं, माणसं कमी पडली आणि तात्यांनी केरबाच्या हातात आमटीची बादली दिली. त्याच आठवड्यात त्याच्या हातात दुधाची बाटलीही आली. सगळा घोळ इथून सुरू झाला.

बाटली आली ती अशी. केरबाची बायको शालन हुशार होती. मुलगी पोटात असताना तिनं एस.टी.च्या कंडक्टरची परीक्षा दिली होती. मुलगी, चिमी, पाच महिन्यांची झाली आणि डेपोतून ऑर्डर आली. सोमवारी सकाळी ऑर्डर घेऊन हजर व्हायचं. कारकुनानं ऑर्डर निळ्या शाईनं झोकात लिहिली होती, खाली गोल शिक्का मारला होता. शालननं ती देवाच्या तसबिरीमागं ठेवली. दिवसातून दोनदा काढून वाचायची आणि परत ठेवायची.

सकाळ-संध्याकाळ ती स्वतः मुलीला पाजणार होती. दुपारच्या दोन वेळा बाटली. आणि दुपारी घरात केरबाच असायचा.

हे कळल्याबरोबर शालनची आई हौसाबाई आठ दिवसांसाठी येऊन दाखल झाली. आल्या आल्या तिनं दाराशी एक रिकामी पिशवी टांगली.

"जावईबापूंना जमलं तर शालननं खुशाल नोकरीला जावं," ती म्हणाली. "नाही जमलं तर सोमवारी मी लेकीला आणि नातीला घेऊन माझ्या घरी जाते. उपाशी पोर मला बघवायची नाही."

केरबानं पिशवीकडं पाहिलं, मग चिमीकडं पाहिलं. चिमीनं त्याची करंगळी मुठीत धरली होती. ती त्याला सोडवून घ्यावीशी वाटेना.

शालननं त्याला शिकवायला सुरुवात केली. दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी तिला सांगितलं होतं तसंच सांगितलं. आधी साबणानं हात धुवायचे. चिमीच्या तोंडात जाईल ती वस्तू दहा मिनिटं उकळायची, त्याशिवाय जंतू मरत नाहीत. पाणी उकळून घ्यायचं, पावडर डब्यावर लिहिलीय तेवढीच घालायची. मग दुधाचा थेंब मनगटावर टाकून बघायचा.

केरबानं मान डोलावली. दूध तयार केलं, थेंब मनगटावर टाकला आणि बघत बसला.

"बघितलात?" शालननं विचारलं.

"बघितला."

"मग?"

"ओघळला."

शालननं पुन्हा समजावलं. मनगटाला चटका बसला तर द्यायचं नाही, गार होऊ द्यायचं. कोमट लागलं तरच द्यायचं.

केरबानं मान डोलावली. एकदा मान डोलावली की गोष्ट पक्की झाली.

त्या दिवशी सगळं ठीक झालं. दुपारी चिमीनं लाल लाकडी खुळखुळा तोंडात घातला. केरबानं तो दहा मिनिटं उकळला. खुळखुळा पांढरा झाला आणि पाणी लाल झालं. शालन म्हणाली, बरोबर केलंत, तो रंग पोटात गेला असता. केरबाला फार बरं वाटलं. संध्याकाळी चिमीनं आजीच्या पदराचं टोक चोखलं. केरबानं पातेलं चढवलं आणि हौसाबाईपुढं जाऊन उभा राहिला.

"मामी, लुगडं द्या."

हौसाबाईनं चिमीचं एक दुपटं उचललं आणि पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी खोतांकडं साखरपुडा होता. साठ पानं बसली. लोकांनी भाताला आळं केलं आणि आमटीची वाट बघू लागले. केरबानं आमटीचा थेंब मनगटावर टाकला. चटका बसला. त्यानं बादली खाली ठेवली आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसला.

थोड्या वेळानं खोत आले आणि आमटी कुठं आहे म्हणाले.

"ही काय. गरम आहे," केरबा म्हणाला.

"मग वाढ की."

"पोटाला सोसायची नाही. बाळं आहेत."

खोतांनी पंगतीवरून नजर फिरवली. त्यात सगळ्यांत लहान त्यांचा मेहुणा होता. त्याला मिशा होत्या.

लोक कोरडा भात खाऊन उठले. तात्यांनी केरबाला चुलीमागं नेऊन फैलावर घेतलं. म्हणाले, वाढपी असा बसत नाही. वाढपी फिरत राहतो. पाहुण्यानं मान फिरवली, हात आडवा धरला, पुरे म्हणाला, तरी वाढपी ऐकत नाही. दोन घास जास्त खायला लावतो तो वाढपी. याला आग्रह म्हणतात. आग्रह केला नाही तर घरच्यांची अब्रू जाते.

केरबानं मान डोलावली.

घरी आला तेव्हा चिमीची दुधाची वेळ झाली होती. त्यानं हात धुतले, बाटली उकळली, थेंब मनगटावर टाकला. कोमट होता. चिमी आवडीनं प्यायली. अर्धी बाटली झाल्यावर तिनं निपल सोडलं आणि मान फिरवली.

केरबा सरसावून बसला.

"असं कसं, असं कसं," तो म्हणाला. "पानात काहीच दिसत नाही. एवढं आमच्याखातर."

चिमीनं मान दुसऱ्या बाजूला फिरवली. केरबा त्या बाजूला जाऊन बसला.

"लाजू नका. घर आपलंच आहे."

चिमीला यातलं घर आपलंच आहे एवढं बहुधा पटलं. तिनं दोन घोट घेतले, बापाकडं एकदा पाहिलं आणि प्यायलेलं सगळं आजीच्या लुगड्यावर ओकून टाकलं. हौसाबाईनं लुगडं बदललं. येताना एक टोपडं घेऊन आली आणि पिशवीत टाकलं.

शालन रागावली नाही. तिनं त्याला जवळ बसवून सांगितलं की, अहो, लेकराला आग्रह करत नाहीत. भूक त्याची, पोट त्याचं, त्याला बरोबर कळतं. त्यानं तोंड फिरवलं की झालं. एक शब्द न बोलता समोरून उचलायचं, आणि उरलेलं उष्टं ओतून द्यायचं, पुन्हा पाजायचं नाही.

केरबानं मान डोलावली.

मग खोतांकडं हळद आली. त्या पंगतीत मानाच्या पानावर नवऱ्या मुलाची आई बसली होती. विहीणबाई म्हणून तिच्या ताटाभोवती रांगोळी होती, शेजारी उदबत्ती होती. विहीणबाईंनी पहिला घास घेतला आणि श्रीखंड बरं झालंय, हे सांगायला शेजारणीकडं तोंड फिरवलं.

त्यांनी तोंड परत वळवलं तेव्हा पुढं नुसती रांगोळी होती.

ताट परसात, म्हशीच्या घमेल्यात ओतलं जात होतं. विहीणबाई पाटावरून उठल्या आणि लग्न मोडतं की काय अशी वेळ आली. खोतांनी हात जोडले, खोतीणबाईंनी पाय धरले, तेव्हा कुठं त्या पुन्हा पाटावर बसल्या.

तात्यांनी केरबाला परत चुलीमागं नेलं. पाहुण्यापुढचं काही म्हणजे काही उचलायचं नाही, ते म्हणाले. त्याच्यापुढं नीट मांडायचं आणि थांबून न राहता पुढच्याकडं जायचं. पाहुणा आपलं आपण खातो.

केरबानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं चिमीला पाळण्यात निजवलं. शेजारी उशी लावली, उशीवर बाटली टेकवली, निपल तिच्या तोंडाशी नीट मांडलं आणि पुढच्याकडं गेला. घरात पुढचं कोणी नव्हतं, म्हणून तो शेजारच्या घरी गेला. शेजारचा मुलगा चार वर्षांचा होता. तो भाकरी खात होता. केरबा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

हौसाबाई त्याच वेळी विहिरीवरून आली. तिनं कळशी टाकली, बाटली बाजूला केली आणि चिमीला उचलून घेतलं. चिमीला काही झालं नव्हतं. पण त्या दिवशी हौसाबाईनं चिमीची तीन झबली, काजळाची डबी आणि पांढरा खुळखुळा, सगळं एकदम पिशवीत भरलं. पिशवीला गाठ मारली.

"घशात दूध अडकलं असतं तर?" ती म्हणाली. "पोरीला सांगताही आलं नसतं."

हे मात्र केरबाला लागलं. तो बराच वेळ पाळण्याची दोरी धरून बसला. मग स्वतः शालनकडं गेला आणि म्हणाला, सगळं पहिल्यापासून सांग.

शालननं सांगितलं. बाटली टेकवून कधी, कधी म्हणजे कधीच जायचं नाही. चिमीला मांडीवर घ्यायचं, डोकं हाताच्या कोपरावर, जरा उंच. बाटली तिरकी धरायची, निपल दुधानं भरलेलं राहील अशी, म्हणजे पोटात हवा जात नाही. मधून मधून दम खाऊ द्यायचा. पिऊन झालं की लगेच आडवं करायचं नाही. खांद्यावर घ्यायचं आणि ढेकर येईपर्यंत पाठ थोपटायची. ढेकर आल्याशिवाय झोपू द्यायचं नाही.

केरबानं मान डोलावली. दोनदा डोलावली.

मग लग्नाचा दिवस आला. जेवणं उत्तम झाली. आमटी गरम होती, ताटं जागच्या जागी राहिली, आग्रह झाला. तात्यांनी हुश्श केलं. नवरदेवाचे आजोबा चौदा जिलब्या खाऊन मांडवात सतरंजीवर लवंडले. आजोबांचं वजन सव्वाशे किलो होतं आणि ते निवृत्त फौजदार होते.

"आजोबा, ढेकर आली?" केरबानं विचारलं.

"कोण रे तू?"

"ढेकर आली नसेल तर झोपायचं नाही."

पुढचं बघायला सगळं वऱ्हाड जमलं. केरबा पाण्याच्या हंड्यांवर वाढलेला माणूस. त्यानं आजोबांना काखेत हात घालून उठवलं, छातीशी धरलं, त्यांची हनुवटी आपल्या खांद्यावर टेकवली आणि पाठ थोपटत मांडवभर फिरू लागला. आजोबा आधी ओरडले. मग दमले. तिसऱ्या फेरीला त्यांनी अशी ढेकर दिली की सनईवाला थांबला. केरबानं त्यांना सतरंजीवर निजवलं आणि अंगावर उपरणं पांघरलं.

आजोबा नंतर कबूल करत होते की इतकी गाढ झोप त्यांना नोकरीतसुद्धा लागली नव्हती. पण ते नंतर. तात्यांनी तिथल्या तिथं केरबाच्या हातातली बादली काढून घेतली.

"तू आता कुठल्याही पंगतीला यायचं नाहीस," ते म्हणाले. "घरी बस आणि फक्त तुझ्या पोरीला पाज. दुसरं काही करू नकोस."

केरबानं मान डोलावली.

आणि इथं एक नवल झालं. पंगत सुटली तशी केरबाच्या डोक्यातली सरमिसळही सुटली. आता घरात एकच पाहुणा होता आणि त्याचीच शिकवण होती. तो हात धुवायचा. बाटली उकळायचा. थेंब मनगटावर टाकायचा. चिमीला मांडीवर घेऊन डोकं उंच धरायचा. तिनं तोंड फिरवलं की थांबायचा, उरलेलं ओतून द्यायचा, खांद्यावर घेऊन थोपटत अंगणात फिरायचा. ढेकर आली की त्याचाच चेहरा खुलायचा. तीन दिवस हौसाबाई खांबाला टेकून बघत होती. तिला एकही चूक सापडली नाही, आणि ती मन लावून शोधत होती.

रविवारी संध्याकाळी तिनं पिशवीची गाठ सोडली. झबली, टोपडं, दुपटं, सगळं परत फळीवर ठेवलं.

"शालन, तू जा," ती म्हणाली. "मी चार पोरं वाढवली, पण असं नेमानं मला जमलं नाही. आता तुझ्या नोकरीवरच घर चालायचंय. जावईबापूंना कोणी पंगतीला उभं करत नाही."

सोमवार उजाडला. शालननं चिमीला पाजलं, नवी साडी नेसली. तसबिरीमागची ऑर्डर काढली, एकदा वाचली आणि खाटेवर चिमीच्या शेजारी ठेवून वेणी घालायला बसली. वेणी झाली, भाकरी झाली, देवाला नमस्कार झाला. शेजारणीचा निरोपही घेऊन झाला. ती परत आली तेव्हा हौसाबाई दारात दहीसाखर घेऊन उभी होती.

"ऑर्डर कुठं गेली?" शालननं विचारलं.

खाटेवर फक्त चिमी होती. तिच्या हनुवटीवर निळा डाग होता.

"काळजी करू नकोस," केरबानं आतून सांगितलं. "तिनं तोंडात घातली होती. मी लगेच काढून घेतली."

शालनचा जीव भांड्यात पडला. केरबा बाहेर आला. त्याच्या हातात वाटी होती.

"घड्याळ लावून दहा मिनिटं उकळली," तो म्हणाला. "आता एकही जंतू राहिलेला नाही."

हौसाबाईनं वाटीत वाकून पाहिलं. अक्षरही राहिलेलं नव्हतं. निळं पाणी होतं आणि तळाशी थोडा लगदा होता. शिक्का कुठं गेला ते कळत नव्हतं.

शालननं वाटी घ्यायला हात पुढं केला. केरबानं वाटी मागं घेतली, एक निळा थेंब आपल्या मनगटावर टाकला आणि जरा वेळ विचार केला.

"थांब," तो म्हणाला. "अजून गरम आहे."