नाचणीची फांदी

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून नुसतं डोकं खाल्लंय. दुपारची झोप मोडली ती मोडलीच. आता गपगुमान ऐका, मधे बोलायचं नाही. आणि खोटं वाटलं तर रानात जाऊन बघून या.

फार मागे, माणसाने रानात वाट पाडायच्या आधी, एका ओढ्याकाठी दाट राई होती. राईत एक उंच बेहडा होता आणि त्याच्या शेंड्यावर कोतवाल राहायचा. काळाकुळकुळीत, शेपूट कात्रीसारखी दुभंगलेली. ससाण्यालाही पळवून लावायचा. त्यामुळे राईत एक रीत पडली होती. उन्हाळा लागला की लहानसहान पाखरं कोतवालाकडे झाड मागायला जायची. तो हो म्हणाला की त्याच्या खालच्या फांद्यांवर घरटं बांधायचं आणि बिनघोर अंडी घालायची.

त्या वर्षी नाचणही गेली. नाचण म्हणजे मूठभर पाखरू. अंग धुरकट काळं, पोट पांढरं, कपाळावर अशी पांढरी भुवई की कुणी चुन्याचं बोट ओढलंय. पण शेपूट! उघडली की पंखाच आणि पंख्याला पांढरी किनार. एका जागी ती ठरायचीच नाही. इकडे गिरकी, तिकडे गिरकी.

कोतवालाने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"नाचणाऱ्यांना इथे जागा नाही," तो म्हणाला. "तू शेपूट उघडझाप करत बसशील आणि चोराला सगळ्यांची घरटी दिसतील."

"मी पोटासाठी नाचते, कोतवालदादा," नाचण म्हणाली. "शेपूट उघडली की पाल्यातले किडे दचकून उडतात. उडाले की धरते. तुम्ही नाही का गव्याच्या पाठीवर बसून टोळ धरत?"

फांदीवरचा पिवळाधमक हळद्या फिसकन हसला. कोतवालाला ते झोंबलं. "चल, उतर खाली!" तो सगळ्यांदेखत ओरडला.

शेजारचा होला कळवळून म्हणाला, "अगं बाई, शेपूट जरा मिटून माग की. देईल तो."

"मिटून मागितली तर जन्मभर मिटूनच राहावं लागेल," नाचण म्हणाली आणि ओढ्यापलीकडे उडून गेली.

तिथे तिने एक हातभर उंचीवरची फांदी धरली, अगदी उघडी. तिने आणि तिच्या नवऱ्याने गवताच्या काड्या आणल्या, कोळ्याची जाळी आणली. जाळी बाहेरून लिंपायची आणि छातीने दाबून घरटं गोल करायचं. चहाच्या वाटीएवढं घर, पण असं घट्ट की वाऱ्याने हलावं, सुटू नये. अंडी घातली. दोघं पाळीपाळीने बसू लागली.

बेहड्यावर कोतवालाचीही पिल्लं बाहेर आली होती. आणि एका सकाळी समोरच्या डोंगराला वणवा लागला.

वणवा म्हणजे कोतवालाची जत्रा. धुराने टोळ, नाकतोडे भराभर उडतात. "हा आलोच," असं म्हणून तो निघाला आणि मागोमाग त्याची बायकोही.

टकाचोर याचीच वाट बघत होता. तांबूस अंग, लांब शेपूट, बोलायला गोड आणि पोटाने दरोडेखोर. तो बेहड्यावर उतरला.

"कोतवाल! अहो कोतवाल!" होला ओरडत सुटला. हळद्या भेदरून पानाआड गेला. टकाचोर एकेक फांदी चढत शेंड्याकडे निघाला. शेंड्यावर कोतवालाची पिल्लं, अंगावर धड पीस नाही, चोची उघडून बसलेली. त्यांना वाटलं, आईच आली.

नाचण आपल्या अंड्यांवरून उठली.

"तुला काय पडलंय?" नवरा म्हणाला. "त्यानेच हाकललं ना तुला?"

"त्याने हाकललं. पिल्लांनी नाही," ती म्हणाली. "तू बस अंड्यांवर."

आणि ती सुटली. टकाचोराच्या डोक्यावर पहिली चोच बसली तेव्हा त्याला वाटलं, गांधीलमाशी चावली. वळून बघतो तर मूठभर पाखरू.

"हट्! तू केवढी, मी केवढा!"

"मग धर की!" नाचण म्हणाली आणि तिने त्याच्या तोंडासमोर शेपूट उघडली.

त्याने डावीकडे चोच मारली, ती उजवीकडे. उजवीकडे मारली, तर ती पाठीवर. तीच गिरकी, तोच पंखा, ज्याला कोतवाल नाच म्हणाला होता. टकाचोर गरगरला. त्याच्या शेपटीचं एक पीस गेलं, मग दुसरं गेलं. शेवटी तो शिव्या देत पळाला आणि नाचणीने त्याला ओढ्याच्या वळणापार हुसकलं.

कोतवाल आला तेव्हा त्याच्या चोचीत नाकतोडा होता. होल्याने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता नाकतोडा गळून पडला.

तो ओढा ओलांडून गेला आणि त्या हातभर उंच फांदीपुढे जमिनीवर उतरला. सगळी राई बघत होती.

"चुकलो, बाई," तो म्हणाला. "माफ कर. बेहड्यावरची हवी ती फांदी घे."

"माफी घेते," नाचण म्हणाली. "फांदी तुमची तुम्हाला. माझं घर बांधून झालंय."

तेव्हापासून नाचण कुणाकडे झाड मागत नाही. हाताला लागेल अशा उघड्या फांदीवर घर बांधते आणि कावळा आला तरी अंगावर जाते. खुद्द कोतवालही तिच्या फांदीपाशी वाट वाकडी करून जातो.

तात्पर्य: मानाची जागा कुणी देत नसतं, आपण छाती काढून जिथे उभे राहतो, तीच मानाची जागा.

आणि हो, कोतवालाने हाकललं सगळ्यांदेखत, तर माफीही मागितली सगळ्यांदेखत. पाखराला जमलं. भरपंगतीत या म्हाताऱ्याला पानावरून उठवून मागच्या ओळीत बसवणाऱ्या केरबा शेलाराला मात्र अजून जमायचंय.