येसूच्या पाळण्यातली कोळंबी

फार वर्षं झाली या गोष्टीला. आडखोलच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता, आणि पल्याडच्या गावाशी आमचं भांडणही अजून सुरू व्हायचं होतं, म्हणजे बघा किती जुनी गोष्ट. त्या काळी आडखोलात सोमा पागी नावाचा माणूस राहायचा. गरी टाकून मासे धरावेत तर सोमानेच, असं म्हणतात. आणि फुशारकी मारावी तर तीही सोमानेच, असंही म्हणतात. त्याची बायको येसू. ती फार कमी बोलायची, कारण घरात बोलायला जागाच उरत नसे.

खाडीच्या तोंडाबाहेर, समुद्रात एक खडप, म्हणजे खडक आहे. भरतीला ते बुडतं, ओहोटीला पाठ वर काढतं. त्या खडपाच्या कपारीत एक जिताडा मासा राहायचा. केवढा होता म्हणून म्हाताऱ्यांना विचारलं, तर ते आधी स्वतःचे दोन्ही हात पसरतात आणि मग शेजाऱ्याचे हात मागतात. गावाने त्याला मामलेदार नाव दिलं होतं, कारण तो क्वचित दिसायचा आणि आला की आपला वाटा घेऊनच जायचा. त्याने किती जाळी फाडली, किती गऱ्या तोडल्या, त्याला गणती नाही. या मामलेदाराला आमिष लागायचं कोळंबीचं, आणि तीही जिवंत, उड्या मारणारी. मेलेली कोळंबी लावली तर तो हुंगून तोंड फिरवायचा, असं म्हणतात. आणि खाडीतली कोळंबी होडीतून खडपापर्यंत न्यायची तर वाटेतच तिचा जीव जायचा.

एक दिवस किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करता करता सोमा बोलून गेला, "ह्या मामलेदाराक मी धरून हाडतंय!"

समोर धर्माजी तांडेल बसला होता. धर्माजी म्हणजे गावातला मोठा तांडेल, आणि त्याची मिशी त्याच्याहून मोठी. ओल्या हाताने पीळ दिला की तिची टोकं कानांना टेकायची.

"सोम्या," धर्माजी म्हणाला, "जिती सुंगटा खडपार न्हेलंस आणि मामलेदाराक घेवन इलंस, तर ही मिशी तुझी. नायतर माझ्या नातवाच्या बारशाक सगळ्यांसमोर तुझी गरी माझ्या पायाकडे ठेवायची. परत तिका हात लावूचो नाय."

सुंगटं म्हणजे कोळंबीच, आमच्याकडे तसं म्हणतात. सोमाने छातीवर हात मारून पैज घेतली. घरी जाईपर्यंत त्याची छाती बरीच खाली बसली होती. गरीशिवाय त्याला दुसरं काहीच येत नव्हतं, आणि धर्माजीच्या नातवाचं बारसं तोंडावर आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सोमा कोळंबीसाठी घर बांधायला लागला. घरात सगळ्यांत भारी वस्तू होती लग्नातलं तांब्याचं घंगाळ. सोमाने ते चिंचेने घासून लखलखीत केलं, खाडीचं पाणी भरलं आणि कोळंबी सोडली. तांब्याचं पाणी माणसाला चांगलं, मग कोळंबीला का नको? कोळंबीला ते नकोच होतं. होडी किनारा सोडते न सोडते तोच सगळी उलथी पडली. मग त्याने मडकं घेतलं. मडक्यातलं पाणी गार राहिलं, पण गप्प राहिलं, आणि कोळंबीही गप्प झाली. मग टोपलीत घालून ती होडीच्या मागे पाण्यात बांधली. खडपाजवळ दोरी ओढून बघतो तर दोरीच हातात आली. मामलेदाराने टोपलीसकट फराळ केला होता. मेलेली कोळंबी वाया कशाला घालवायची म्हणून येसू कालवण करायची. त्या दिवसांत सोमाच्या घरी जेवण फार चांगलं होतं, असं म्हणतात.

पण जेवण सोमाच्या घशाखाली उतरत नव्हतं. आणि येसूचं मन तर भलतीकडेच होतं.

त्याचं असं होतं की सोमाच्या माजघरात फणसाच्या लाकडाचा एक पाळणा टांगलेला होता. येसूचा बाप होड्या बांधायचा. लेकीच्या लग्नात त्याने तो होडीइतका घट्ट आणि पेटीसारखा खोल बांधून दिला होता. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, पाळण्यात कुणी निजलं नाही. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, म्हणून वाऱ्याने तो हलला की येसू हातातलं काम टाकून यायची आणि त्याला धरून थांबवायची. गावात कुणाकडे बारसं असलं की तिला बोलावणं असे. पण पाळणा हलवायची वेळ आली की कुणीतरी गोड आवाजात म्हणायचं, येसू, जरा मागच्या दारी नारळ खवून घे गो. येसू निमूट जायची. आडखोलातल्या प्रत्येक बारशाचे नारळ तिने खवले होते आणि एकाही पाळण्याच्या दोरीला तिचा हात लागला नव्हता.

सोमाने कोळंबीसाठी घरातलं प्रत्येक भांडं पालथं घातलं, पण पाळण्याकडे त्याने मान वर करून पाहिलं नाही. तेवढं शहाणपण त्याच्यात होतं.

बारशाच्या आदल्या दिवशी वारा सुटला आणि पाळणा हलला. येसू धावत आली, पण तिने हात लावला नाही. ती बघत उभी राहिली. मग सोमाला म्हणाली, "खाडीचा पाणी कधी गप ऱ्हवता काय? सुंगटांका हलता पाणी होया. पाळणो खाली काडा."

सोमाने पहिल्यांदाच मान वर करून पाळण्याकडे पाहिलं. "अगो, पण तो..."

"रिकामो पाळणो हलवूचो नसता," येसू म्हणाली. "भरलेलो हलवलो तर चलता."

मग दोघांनी पाळण्याच्या फटींत काथ्या ठोकला, वरून राळ आणि तेल चोपडलं. होडीत दोन बेचकी उभी करून त्यांवर वासा टाकला आणि पाळणा त्याला टांगला. आत खाडीचं पाणी आणि चांगली चपळ कोळंबी, वर उडी मारून पळू नये म्हणून जुन्या जाळ्याचा तुकडा. होडी डुलली की पाळणा डुलायचा, पाणी खळखळायचं, कोळंबी खूश. आणि होडी डुलायची थांबली तर दोरी ओढायला येसू स्वतः पाळण्याशी बसली.

साक्षीदार म्हणून धर्माजी आपल्या होडीतून मागे निघाला आणि अर्धा गाव त्याच्या होडीत चढला. होडीत पाळणा बघून लोक इतके हसले की धर्माजीची होडी बुडायची वेळ आली. येसूने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पाळणा हलवायला लागल्यावर हात आपोआप लयीत आला, आणि हात लयीत आल्यावर गाणंही आपोआप आलं. इतक्या वर्षांची साठवलेली सगळी अंगाईगीतं तिने कोळंबीला म्हटली. गाणं ऐकून कोळंबी पाळण्यात रांगेने निजली, असं म्हणतात.

खडप आलं. सोमाने जाळं बाजूला केलं, एक टपोरी कोळंबी उचलली आणि गरी हातात घेतली.

"हात लावशात तर बघा!" येसू ओरडली.

सोमा दचकला. "अगो, ती पोरा नाय, सुंगटा आसत!"

"आसतीत. मी निजवलंय तेंका. एकेकाक नाव दिलंय."

सोमाने हात जोडले, धर्माजीच्या होडीकडे बोट दाखवलं, आपल्या गरीची शपथ घातली. येसूने त्याच्या हातातून कोळंबी काढून घेतली, पाळण्यात ठेवली आणि पुन्हा गायला लागली. पुढच्या होडीत पैज बुडत होती आणि मागच्या होडीत धर्माजी मिशीला पीळ देत होता.

तेवढ्यात समुद्र एकदम शांत झाला. पाण्याखालून काहीतरी वर आलं, होडीइतकं लांब. मामलेदार! तो होडीला लागून आडवा झाला आणि एक डोळा वर करून पाळण्याकडे बघत राहिला. तो कोळंबीसाठी आला की गाण्यासाठी, यावर आमच्या गावात अजून वाद होतात. येसूचं कडवं संपलं आणि मामलेदाराने पाळण्यावर झेप घेतली. येसूने पाळण्याला मिठी मारली, मामलेदार वाश्यावर आपटला आणि धाडकन होडीत पडला. सोमाला दुसरं काही सुचेना, म्हणून तो त्याच्यावर बसला. मामलेदाराने शेपटी आपटून होडीला खडपाभोवती गरगरा फिरवलं आणि तिथूनच किनाऱ्याला आणून लावलं, वल्ह्याला हात न लावता, असं म्हणतात. उतरण्याआधी येसूने एकेक कोळंबी ओंजळीत घेतली आणि नाव घेऊन खाडीत सोडली.

"गरी खंय लागली?" धर्माजी ओरडत होता. पण जिवंत आमिष खडपावर गेलं होतं आणि मामलेदार घरी आला होता. गाव धर्माजीचं काही ऐकेना.

दुसऱ्या दिवशी बारसं. मामलेदाराचं कालवण सगळ्या गावाला पुरलं, उरलं ते पल्याडच्या गावाला पाठवलं. ते शिळं होतं असं पल्याडचे म्हणतात, आणि भांडण तिथून सुरू झालं. सोमा तर वाजतगाजत आला, सोबत न्हावी घेऊन. धर्माजी डोळे मिटून पाटावर बसला. न्हाव्याने वस्तरा उघडला.

तेवढ्यात मागच्या दाराने येसू आली. हाताला खोबरं चिकटलेलं होतं.

"मिशी ऱ्हवांदे, तांडेलानू," ती म्हणाली. "माका तुमच्या नातवाच्या पाळण्याची पैली दोरी होयी."

न्हाव्याचा हात थांबला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. धर्माजीने डोळे उघडले आणि आधी मिशी चाचपली. शेवटी त्याची बायको सुनेला म्हणाली, "सर गो जरा. दोरी येसूक दी."

येसूने हात पदराला पुसले आणि दोरी ओढली. मूल हसलं, असं म्हणतात. नुसतं रडायचं थांबलं असेल. पण येसू रडली, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं. सोमाही रडला. तो मिशी हुकली म्हणून रडला असं काही जण म्हणतात, पण ते त्याला ओळखत नव्हते.

येसूला पुढे मूल झालं का? नाही झालं. गोष्ट वाढवून सांगायची आम्हाला सवय आहे, पण तेवढं आम्ही वाढवत नाही. मात्र ती असेपर्यंत तिने दोरी ओढल्याशिवाय आडखोलातलं एकही मूल पाळण्यात निजलं नाही.

अजूनही आडखोलात बारसं असलं की पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा ठेवत नाहीत. लोट्यात खाडीचं पाणी घेतात, त्यात एक जिवंत कोळंबी सोडतात आणि तो लोटा पाळण्यात ठेवून झोका देतात. मग ती कोळंबी खाडीत सोडून येतात. सोडलेली कोळंबी पुन्हा जाळ्यात आली तर ओळखायची कशी? ओळखता येत नाही, म्हणून बारशाच्या दिवशी अख्ख्या गावात कोळंबी शिजत नाही. खाडीच्या गावात जेवायला म्हणून आलेले पाहुणे वरणभात बघून तोंड वाकडं करतात. करू देत. तो लोटा पाळण्यात ठेवायचा आणि पहिली दोरी ओढायची ती जिच्या घरचा पाळणा रिकामा आहे त्या बाईने. तिला आणायला घरची मोठी बाई स्वतः जाते, आणि ती पुढच्या दाराने आत येईपर्यंत आडखोलात कुणी बाळाचं नाव उच्चारत नाही.