डोंगरावरून चालणारी चांदणी

मिठाचा तांडा ज्या गावी पोचे, तिथल्या टेकडीवर दिवा लागे आणि मागच्या गावचा विझे. संध्याकाळच्या धुक्यात राजवाड्यातून पाहिलं की वाटे, एखादी चांदणीच डोंगरावरून पायी येते आहे.

यंदा ती दिवाणांच्या कोठारामागे थांबली ती हललीच नाही. राज्यात मीठ मिळेना. तरुण राणीने दरबारात विचारलं, तेव्हा दिवाण मिशीवर हात फिरवत म्हणाले, "तांडा घाटापलीकडेच अडकलाय, राणीसाहेब. तो दिवा नव्हे, तारा आहे. माझ्या कोठारातही चिमूटभर मीठ नाही."

"मग तिथे सापडेल ते मीठ आभाळातून पडलेलं," राणी म्हणाली. "लोकांनी खुशाल घरी न्यावं."

त्या संध्याकाळी कोठारापासून चहूकडे दिवे सरकत गेले.

"दिवाणजी," राणी म्हणाली, "आज तारे जरा जास्तच निघालेत."